मुंबई–न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटरांची रोजनिशी

एस. टी. महामंडळाच्या वाहतूक शाखेत माझी तीस वर्षांहून अधिक नोकरी झाली. गाडी आगारातून किती वाजता सुटायची, किती वाजता सुटली, वाटेत किती थांबली आणि किती किलोमीटरांना तिने किती वेळ घेतला, हे लिहिण्याची सवय हाताला इतकी जडली आहे की निवृत्तीनंतर लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गेलो तरी खिशात वही असते. लेक न्यू जर्सीत राहते. तिच्याकडे जायचे ठरले तेव्हा जावयांनी फोनवर सांगितले, "बाबा, मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर आहे, सोळा तास लागतात." मला हा हिशेब पटेना, कारण एकाच अंतराला जाताना वेगळा आणि येताना वेगळा वेळ तिकिटांवर स्पष्ट छापलेला दिसत होता. आमच्या खात्यात असे वेळापत्रक घाटरस्त्यापुरतेच असते. आकाशात घाट कुठून आला, हे पाहण्यासाठी मी नवी वही घेतली.

दिवस पहिला : शुक्रवार, १२ डिसेंबर

जाताना लंडनला दोन दिवस पुतण्याकडे थांबून पुढे जायचे आणि येताना न्यूयॉर्कहून थेट मुंबई गाठायची, असा बेत होता. मुंबई–लंडन विमानाच्या तिकिटावर १३ डिसेंबर ही तारीख आणि ०२.४५ ही वेळ होती. मध्यरात्रीनंतरची ही वेळ भल्याभल्यांना चकवते. आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ अशाच तिकिटावर तेरा तारखेच्या रात्री विमानतळावर पोचले होते, आणि त्यांचे विमान जवळजवळ एक अख्खा दिवस आधी निघून गेले होते. त्यामुळे मी वहीच्या पहिल्याच पानावर "बारा तारखेला संध्याकाळी घर सोडणे" असे लाल शाईने लिहून ठेवले होते.

पुण्यातले घर आम्ही साडेपाचला सोडले आणि विमानतळावर पावणेदहाला उतरलो. साधारण दीडशे किलोमीटरांना सव्वाचार तास, म्हणजे ताशी पस्तीस किलोमीटरांची सरासरी. खंडाळ्याच्या घाटात अवजड वाहनांची रांग लागली होती, आणि शुक्रवारची संध्याकाळ असल्याने मुंबईत शिरल्यावर गाडी सरकत नव्हती. मुंबईहून युरोपकडे जाणारी इतकी विमाने अपरात्री का सुटतात, असे सौ.ने विचारले. तिकडे सकाळी पोचले की प्रवाशाला पुढच्या विमानांची जोडणी मिळते, हे त्यामागचे एक कारण. आमच्याकडे रातराणी गाड्या याच हिशेबाने सोडतात : माणूस सकाळी कामाच्या गावी उतरला पाहिजे.

दिवस दुसरा : शनिवार, १३ डिसेंबर

विमानाने मुंबईची जागा ३.१० ला सोडली, म्हणजे पंचवीस मिनिटे उशिरा, आणि चाके धावपट्टीवरून ३.३२ ला उचलली. या दोन वेळांतला फरक मी मुद्दाम लिहितो, कारण तिकिटावर छापलेला वेळ उडण्याचा नसतो. विमान आपली जागा सोडते तिथपासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी लागते तिथपर्यंतचा तो वेळ असतो, आणि त्यात जमिनीवर रांगणे, धावपट्टीपाशी खोळंबणे हे सगळे धरलेले असते.

मुंबई–लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. सरळ म्हणजे गोलावरून मोजलेले, सर्वांत कमी अंतर. प्रत्यक्षात विमान त्या रेषेने जात नाही. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात आमची वाट कॅस्पियन समुद्रावरून बाकू, तिबिलिसी अशी काळ्या समुद्राकडे गेली आणि तिथून युक्रेनला उजव्या हाताला ठेवून युरोपात शिरली. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झाल्यापासून युक्रेनवरचे आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. युरोपीय कंपन्यांना रशियावरूनही जाता येत नाही. पूल वाहून गेला की आपली गाडी पर्यायी मार्गाने पाठवतात आणि फेरीचे किलोमीटर वाढतात, तसाच हा प्रकार. फक्त इथला पूल कोणी बांधून देत नाही.

या प्रवासात मला सर्वांत नवल वाटले ते रात्रीचे. मुंबईत बारा तारखेला सूर्य सहाच्या सुमारास मावळला, आणि आम्ही लंडनला उतरलो तेव्हाही उजाडलेले नव्हते. मध्ये दोनदा खिडकीचा पडदा वर करून पाहिले. मागे, शेपटीच्या बाजूला, क्षितिजावर तांबूस पट्टी दिसत होती, पण ती तशीच राहिली, वर चढली नाही. विमान पश्चिमेकडे पळत होते आणि पहाट त्याच्या पाठीमागून येत होती. लंडनचा सूर्योदय आठाला दोन-तीन मिनिटे कमी असताना झाला. भारतीय वेळेने तेव्हा दुपारचा जवळजवळ दीड वाजला होता. आमची ती रात्र सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत साडेएकोणीस तासांची भरली. सौ.ची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी सातला असते. मुंबईच्या सातला, म्हणजे कॅस्पियन मागे टाकून काळ्या समुद्राकडे जाताना, तिने ती घेतली. पुढे लंडनला पुन्हा सकाळ झाली तेव्हा ती सवयीने डबी उघडून बसली. डॉक्टरांनी बजावले होते म्हणून बरे : गोळी घड्याळातल्या सकाळीवर घ्यायची नसून मागच्या गोळीपासून मोजलेल्या तासांवर घ्यायची.

लंडनला चाके ७.२२ ला टेकली आणि विमान जागेवर ७.३६ ला लागले. तिकिटावरची वेळ ७.३० होती. पंचवीस मिनिटे उशिरा निघून सहाच मिनिटे उशिरा पोचणे, याचे रहस्य एखादा वाहतूक नियंत्रकच चटकन ओळखील. वेळापत्रकात सवा दहा तास धरले होते, प्रत्यक्षात लागले ९ तास ५६ मिनिटे. उशीर पोटात घालण्याइतकी सैल जागा वेळापत्रकात आधीच ठेवलेली असते. त्यातही हवेत होतो ते केवळ ९ तास २० मिनिटे.

पुतण्या घ्यायला आला होता. "काका, कसा झाला प्रवास?" असे त्याने विचारताच मी वही उघडली. त्याच्या चेहऱ्यावरून असे वाटले की त्याला "छान" एवढेच उत्तर अपेक्षित होते.

दिवस तिसरा : रविवार, १४ डिसेंबर

लंडनमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मी एकच ठिकाण मागितले, ग्रीनिच. टेकडी चढून वेधशाळेच्या फाटकापाशी गेलो. तिथे भिंतीत एक मोठे घड्याळ बसवलेले आहे. त्याची तबकडी बाराची नाही, चोवीस आकड्यांची आहे, त्यामुळे दुपारी बाराला तासकाटा वर न जाता सरळ खाली उभा असतो. १८५२ साली बसवलेले हे घड्याळ उन्हाळ्यातही एक तास पुढे करत नाहीत. ते कायम ग्रीनिचची मूळ वेळ दाखवते. आम्ही पोचलो तेव्हा काटा बाराच्या थोडा डावीकडे झुकला होता, म्हणजे दुपारचे बारा वाजून गेले होते, आणि सौ. मात्र मान वाकडी करून "सहा वाजले की काय?" म्हणत होती.

शून्य रेखांश इथूनच जातो, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये झालेल्या परिषदेने तो जगासाठी मान्य केला. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. मुंबई ७३ अंश पूर्वेला आहे, आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. आकडे लिहून पाहिले तेव्हा क्षणभर विश्वास बसला नाही : ज्या दगडी टेकडीवर आम्ही उभे होतो ती या दोन शहरांच्या जवळजवळ बरोबर मध्यावर होती. किलोमीटरांत तसे नाही, कारण लंडनहून न्यूयॉर्क मुंबईपेक्षा बरेच जवळ आहे. पण सूर्याच्या हिशेबात आम्ही अगदी निम्म्या वाटेवर होतो.

सूर्याचा हिशेब म्हणतो तो असा. मुंबईची सूर्यावरची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे आहे. ही नुसती वहीतली गोष्ट नाही. 'बॉम्बे टाइम' म्हणून मुंबईत हीच वेळ प्रत्यक्ष पाळली जात असे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई आपल्या वेळेला चिकटून राहिली आणि १९५५ पर्यंत तिची घड्याळे देशाच्या ३९ मिनिटे मागे चालत होती. माझे आजोबा गिरणीत होते, "इस्टांडर्ड की बांबे?" असे वेळ सांगताना विचारावे लागे, हे त्यांच्या तोंडून मी ऐकले आहे. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क सूर्यावर ग्रीनिचच्या ४ तास ५६ मिनिटे मागे आहे. दोन्हींची बेरीज ९ तास ४७ मिनिटे. हिवाळ्यात घड्याळांत मात्र साडेदहा तासांचा फरक पडतो, कारण आपण साडेब्याऐंशी अंशांवरची वेळ वापरतो आणि ते पंच्याहत्तर अंशांवरची. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे एक तास पुढे केली की हाच फरक साडेनऊवर येतो. म्हणजे लेकीच्या आणि आमच्या दिवसांत खरे अंतर पावणेदहा तासांचे. वर-खाली होते ते सरकारी हुकमाने.

चारला दहा मिनिटे कमी असताना सूर्य मावळला. पुतण्याच्या बायकोने थालीपीठ लावले होते. जेवताना पुतण्याने एक गैरसमज मांडला, तो मी पुण्यातही अनेकांकडून ऐकला आहे. त्याचे म्हणणे असे की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानासमोर गाव आपोआप यायला हवे आणि वेळ कमी लागायला हवा; प्रत्यक्षात उलट का? त्याला मी म्हटले, धावत्या एस. टी.त तू उडी मारलीस तर मागच्या बाकावर पडतोस का? पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. फरक पाडतो तो वारा, आणि तो उद्या दिसेल.

दिवस चौथा : सोमवार, १५ डिसेंबर

लंडन–न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ५,५५५ किलोमीटर आहे. मुंबई–लंडनचे ७,२०० त्यात मिळवले तर १२,७५५ होतात, आणि मुंबई–न्यूयॉर्क थेट अंतर आहे सुमारे १२,५४०. म्हणजे लंडनला उतरण्याचा वळसा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरांचा, पुण्याहून साताऱ्याला जाऊन परत येण्याइतका. नकाशा पाहून हे कोणाला पटणार नाही. मलाही ते नीट उमगले ते लेकीच्या घरी, म्हणून तिथेच सांगतो.

सुटण्याची वेळ ११.१५, पोचण्याची १४.१५. कागदावर तीन तासांचा प्रवास. मध्ये पाच तासांचा फरक असल्याने खरे आठ तास. जागा ११.२० ला सोडली, ११.४६ ला उडालो. आयर्लंड मागे पडल्यावर पुढे समुद्रच समुद्र. अटलांटिकवरच्या वाटा कायमच्या आखलेल्या नसतात, हे मला सहलीच्या आधी वाचून माहीत झाले होते. त्या दिवसाचे वारे पाहून समांतर मार्गांचा एक संच दिवसातून दोनदा नव्याने ठरवला जातो. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी एक, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी दुसरा. अलीकडच्या बाजूचे नियंत्रण शॅनविकचे आणि पलीकडचे कॅनडातल्या गँडरचे. शॅनविक नावाचे गाव कुठेच नाही; आयर्लंडमधले शॅनन आणि स्कॉटलंडमधले प्रेस्टविक यांची नावे जोडून ते केले आहे. रोज सकाळी वाऱ्याचा अंदाज घेऊन शेकडो विमानांचा मार्ग बदलायचा आणि संध्याकाळी पुन्हा बदलायचा, ही कल्पनाच माझ्यासारख्याला दडपून टाकणारी आहे. आमच्याकडे एका फेरीचा थांबा बदलायचा तर तीन टेबलांवरून कागद फिरे.

जेवणाचे ताट उचलल्यावर मी पडद्यावरचे आकडे दर पंधरा मिनिटांनी लिहू लागलो. उंची ११,००० मीटरांच्या आसपास, बाहेर उणे ५६ अंश, जमिनीवरचा वेग ताशी ७९२, मग ७७४, मग ७६१ किलोमीटर. इंजिनांचा आवाज तोच होता. हवेच्या मानाने विमान ताशी नऊशेच्या घरातच धावत असते. पण या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा झोत, ज्याला जेट प्रवाह म्हणतात, तो समोरून ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरांनी येत होता, आणि तेवढे किलोमीटर वेगातून वजा होत होते. हिवाळ्यात ध्रुवाकडची थंडी आणि विषुववृत्ताकडची ऊब यांतला फरक वाढतो, म्हणून हा झोतही जोर धरतो. आकाशातला घाट तो हाच. चढण दिसत नाही, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जात नाही, तरी तास वाढतात.

उतरणीचा हिशेबही सांगायला हवा. ९ फेब्रुवारी २०२० रोजी, वादळी वाऱ्यांच्या दिवशी, न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी जम्बो विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचले होते, आणि जमिनीवरचा त्याचा वेग ताशी १,३२७ किलोमीटरांपर्यंत गेला होता. ते विमान आवाजाहून वेगाने उडत नव्हते. त्याला पाठीवर घेणारी हवाच धावत होती. आवाजाहून वेगाने उडणारे कॉन्कॉर्ड हे अंतर साडेतीन तासांत कापत असे. २००३ मध्ये ते बंद झाले, आणि तेव्हापासून या वाटेवर प्रवासाचा वेळ वाढला असे म्हणता येते, जे दुसऱ्या कोणत्याही वाहनाच्या बाबतीत मला आठवत नाही.

सूर्य सगळा वेळ डाव्या खिडकीत, क्षितिजापासून हातभर वर, जवळजवळ जिथल्या तिथे राहिला. दुपार संपतच नव्हती. चाके १४.०२ ला टेकली. हवेत ७ तास १६ मिनिटे. मग प्रवेशतपासणीची रांग, सामान आणि जावयांची गाडी यांत पावणेदोन तास गेले. केनेडी विमानतळ ते एडिसन या साठ-पासष्ट किलोमीटरांना आणखी दोन तास. लेकीच्या दारात पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. अटलांटिकवर ताशी पावणेआठशेने आलो आणि शेवटी ताशी बत्तीसने घरी गेलो.

दिवस पाचवा : मंगळवार, १६ डिसेंबर

पहाटे तीनला दोघेही टक्क जागे. पण जागे होऊन उठावेसे वाटणे ही पश्चिमेकडे येण्याची सवलत आहे. दिवस लांबतो, तो शरीराला सोसतो.

नातू शाळेतून आल्यावर त्याच्या खोलीतला पृथ्वीगोल मी मागून घेतला. व्यास ३० सेंटीमीटर. सौ.च्या पिशवीतला लोकरीचा धागा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर माझ्या अंगठ्याखाली धरले आणि दुसरे नातवाने न्यूयॉर्कवर. त्याने आधी धागा भिंतीवरच्या नकाशात दिसतो तसा, अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक असा आडवा ठेवला. मग मी त्याला धागा हळूहळू ताणायला सांगितले. ताण बसताच धागा आपोआप वर सरकला; आफ्रिका सोडली, भूमध्य समुद्र सोडला, युरोपही बराचसा खाली राहिला, आणि तो नॉर्वे आणि आइसलँड यांवरून ग्रीनलंडचे खालचे टोक चाटून न्यूयॉर्कला आला. नातू म्हणाला, "आजोबा, ही तर उलटी वाट आहे." मीही तेच म्हणालो असतो. सपाट नकाशात जे वाकडे दिसते ते गोलावर सरळ असते. न्यूयॉर्कहून मुंबईला निघायचे तर नाक ईशान्येकडे करावे लागते आणि उत्तरेला सुमारे ६५ अंशांपर्यंत चढून मग खाली यावे लागते.

धागा काढून शाळेच्या फूटपट्टीवर ठेवला. साडेएकोणतीस सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खी पट्टी. या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. गोलाच्या अगदी विरुद्ध बाजूचे ठिकाणही वीस हजार किलोमीटरांहून लांब असू शकत नाही, तेव्हा आम्ही पृथ्वीवरच्या कमाल अंतराचा साठ टक्क्यांहून अधिक भाग ओलांडून आलो होतो. मग धागा लंडनवरून नेऊन मोजला : अर्धा सेंटीमीटर वाढला. तो वळसा लहान का, याचे उत्तर मिळाले. लंडन त्या ताणलेल्या धाग्याच्या शेजारीच आहे.

पुढचे तीन आठवडे लेकीकडचे. त्यांचा या वहीशी संबंध नाही.

दिवस पंचविसावा : सोमवार, ५ जानेवारी

परतीचे विमान भारतीय कंपनीचे, थेट मुंबईचे. सुटण्याची वेळ ११.३०, पोचण्याची दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३०, म्हणजे साडेचौदा तास. याच मार्गावर मुंबईहून येणारे विमान दीड-दोन तास जास्त घेते. घाट आणि उतार.

जागा ११.५५ ला सोडली आणि मग विमान बाजूला उभे केले. उंच शिडीसारख्या दोन गाड्या आल्या आणि त्यांनी पंखांवर गरम द्रावाचे फवारे सोडले. पंखावर बर्फाचा पातळ थर असला तरी त्याचा आकार बिघडतो आणि उचलण्याची ताकद कमी होते, म्हणून थंडीच्या दिवसांत हे केल्याशिवाय सोडत नाहीत. माझी खिडकी पंखाच्या मागेच होती. काचेवर नारिंगी ओघळ आले, पंखावरून वाफ निघाली आणि काही क्षण विमान नव्हे, रसवंतीगृह धुतात तसे वाटले. उडालो १२.३८ ला.

चौदा-पंधरा तास न थांबता उडायचे म्हणजे सगळे इंधन निघतानाच भरून न्यायचे, आणि ते इंधन उचलण्यासाठीच पुन्हा इंधन जाळायचे. या मार्गावर वापरतात तसल्या बोइंग ७७७-३००ईआर विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ३५१ टन असते, आणि टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर मावते. इतक्या लांबच्या फेरीला वैमानिकांचे दोन संच असतात, एक विश्रांती घेतो. लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन चालक देण्याची आमची पद्धत आठवली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा असे टप्पे घेत गेले होते. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर मुंबईची सेवा न्यूयॉर्कपर्यंत गेली, तीही टप्पे घेतच. आता नकाशावर एकही टप्पा नाही.

ताणलेल्या धाग्याची वाट मात्र आम्हाला मिळाली नाही. ती रशियावरून उतरत अफगाणिस्तान आणि पाकिस्तानवरून येते, आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आहे. आमचे विमान अटलांटिक ओलांडून युरोप, तुर्कस्तान, इराक, आखात आणि ओमान असे येऊन अरबी समुद्रात शिरले. पडद्यावरचे एकूण अंतर तेरा हजारांच्या थोडे वर गेले. अंतर पाचशे किलोमीटरांनी वाढले तरी वेळ सावरला तो वाऱ्याने. न्यूफाउंडलंडच्या पुढे वेग ताशी १,०४० दिसला आणि एकदा १,११८. जो झोत तीन आठवड्यांपूर्वी समोर उभा होता तोच आता पाठीशी होता.

सूर्य उड्डाणानंतर दोन तासांत मावळला. न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी रात्र साडेचौदा तासांची होती. आम्हाला ती आठच तास मिळाली. जाताना साडेएकोणीस तासांची रात्र भोगली होती, त्याची वसुली झाली. इराकवर असताना डावीकडून ऊन आत आले. सौ. नुकतीच झोपली होती, ती उठून म्हणाली, "अहो, आत्ताच तर रात्र झाली होती."

दिवस सव्विसावा : मंगळवार, ६ जानेवारी

मुंबईत चाके १२.४५ ला टेकली, जागा १.०० ला मिळाली. हवेत १३ तास ३७ मिनिटे. तिकिटापेक्षा अर्धा तास उशीर, आणि त्याचे कारण वारा नव्हे, न्यूयॉर्कमधले फवारे. पुण्याला घरी पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज मांडली. जाताना लंडनचा मुक्काम वगळून दोन्ही विमानांत हवेत काढलेला वेळ १६ तास ३६ मिनिटे; येताना १३ तास ३७ मिनिटे. हा सगळा फरक वाऱ्याचा नाही, कारण जाताना मध्ये एकदा उतरणे आणि पुन्हा चढणे होते. एका बाजूला हे लिहून दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचा वेळ मांडला. पुणे–मुंबई जाऊन-येऊन आणि एडिसन–केनेडी जाऊन-येऊन मिळून तेरा तास. म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरांच्या रस्त्याने जवळजवळ तेवढेच तास घेतले, जेवढे न्यूयॉर्क ते मुंबई या अख्ख्या आकाशाने. सौ.ला दाखवले, तर ती म्हणाली की मी आधी पेटी उघडावी, मेथीच्या लाडवांचा रिकामा डबा त्यात तसाच आहे.

रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी दोघेही जागे झालो. पूर्वेकडे आलेले शरीर झोपायच्या वेळी उठते आणि ते रुळायला जास्त दिवस लागतात. चहा ठेवला. एडिसनला तेव्हा संध्याकाळचे चार वाजून दहा मिनिटे झाले होते. नातू शाळेतून येऊन बसला असेल, म्हणून फोन लावला.